एडिंबरोचे शेटे सर

शेटे सर उघड्या दारावरही टकटक करत. परंड्यात तेव्हा दिवसा दारं लावायची पद्धत नव्हती. ज्याला यायचं तो उंबऱ्यातूनच हाक मारत आत येई. सर मात्र चौकटीशी थांबत, मधलं बोट दुमडून लाकडावर तीन वेळा वाजवत आणि आतून कुणी "या" म्हणेपर्यंत उन्हात उभे राहत. माझी आई चुलीपुढून ओरडे, "अहो सर, दार उघडंच हाय की! सुतार आल्यावानी काय ठोकताय?"

सर हसत. "वहिनी, तिकडं विचारल्याशिवाय आत येत नाहीत."

'तिकडं' म्हणजे एडिंबरो. गावाच्या तोंडी ते 'एडंबर' झालं होतं. तरुणपणी सर तिथं दोन वर्षं शेतकी शिकले आणि वडील गेल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून परत आले, हे परंड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी तिकडून पाठवलेली दोन पत्रं वाचनालयात काचेमागे लावलेली होती. पाकिटांवर राणीचं डोकं असलेली निळी तिकिटं होती. उन्हानं तिकिटांचा रंग उडत गेला, पण त्यांच्यापुढे थबकणारी माणसं कमी झाली नाहीत.

सर उंच होते, सावळे होते. राखाडी लोकरीचं जाकीट त्यांच्या अंगावर बाराही महिने असे आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा थंड, परका वास येई. डोळ्यांच्या कडा कायम लालसर, ओलसर. जणू आत्ताच कुठूनतरी धुरातून उठून आले आहेत. आमच्या शाळेत ते भूगोल शिकवत. नकाशावर छडी टेकवून ते 'उत्तर समुद्र' म्हणाले की वर्गाच्या पत्र्याखालचा उकाडा मला क्षणभर विसरायला होई. कवितेची पहिली ओढ मला मराठीच्या तासाला लागली नाही, ती त्यांच्या उच्चारांमुळे लागली. 'धुकं' हा शब्द ते असा म्हणत की ओठांवर ओल जाणवावी.

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरावीत होते. विहिरींचे तळ दिसू लागले होते, किल्ल्याच्या खंदकात शेळ्यांना चाटायलाही पाणी नव्हतं, आणि सर मात्र रोज छत्री घेऊन शाळेत येत. "तिकडं आभाळाच्या भरवशावर कुणी राहत नाही," असं त्यांचं म्हणणं. खडी फोडायला निघालेल्या बाया त्यांना रस्त्यात अडवत.

"सर, उघडा की छत्री! तेवढाच पाऊस लाजंल."

आणि सर थांबून, गंभीर चेहऱ्यानं, त्या पांढऱ्याफटक आभाळाखाली छत्री उघडत. बाया खळखळून हसत. त्या वर्षात तसं हसू फार ऐकायला मिळत नसे. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी वाटायचं काम शाळेकडं आलं, तेव्हा ढकलाढकलीत एक म्हातारी पडली. सरांनी खडूनं पटांगणावर एक लांब रेघ आखली आणि सगळ्यांना तिच्यावर उभं केलं. "तिकडं राणीसुद्धा रांगेत थांबते." ते खरं की खोटं कुणी विचारलं नाही, पण रांग टिकली. मिलोच्या भाकरीचा तो कडवट, गोदामाच्या धुळीसारखा वास अजूनही माझ्या टाळूला चिकटलेला आहे. त्याच्याशी सरांचा खडू आणि ती रेघ जोडलेली आहे.

दुष्काळ सरला आणि गावात सहकारी दूध सोसायटी निघाली. चेअरमननी सरांना सल्लागार केलं. संकरित गाई आल्या. थोराड, पांढऱ्या-काळ्या, आमच्या उन्हाला बिचकणाऱ्या. चेअरमननी भर बैठकीत विचारलं, "सर, तिकडं गाईला काय म्हून हाका मारत्यात?"

सर क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "नावानं."

"म्हंजी गंगी, कपिली?"

"तिकडची नावं. मेरी, एलिझा."

तेव्हापासून परंड्याच्या गोठ्यांतून संध्याकाळी "मेरे, सर की मागं!" अशा हाका ऐकू येऊ लागल्या. आम्ही हसलो, पण नावं बदलली नाहीत. सरांनी सांगितलं होतं.

औरंगाबादला एम. ए. करताना मला इंग्रजी साहित्याच्या पुढल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली. अर्जात तीन विद्यापीठांची नावं लिहायची होती. मी पहिलं नाव एडिंबरोचं लिहिलं, ते कुणामुळे हे सांगायला नको. निघण्याआधीचे तीन महिने मी परंड्यात होते, तेव्हा सर रोज संध्याकाळी मला भूगोलाच्या खोलीत शिकवत. सूप कसं प्यायचं, हे आम्ही पितळी वाटीत पातळ आमटी घालून शिकलो. चमचा आपल्यापासून दूर न्यायचा, आवाज करायचा नाही. आई दाराशी बसून बघे. "आवाज न करता आमटी खायची तर खायची कशाला?" असं तिनं एकदा विचारलंही. लोकरीचे कपडे फार नकोत, असं सर म्हणाले, कारण तिथल्या प्रत्येक खोलीत नळ्यांमधून ऊब आपोआप येते. शहर सपाट आहे. "आणि किल्ला म्हणशील तर आपल्यासारखाच. भुईकोट. खंदकाकाठी चालत गेलीस की घरची आठवण यायची नाही."

सगळ्यात शेवटी त्यांनी एक नियम सांगितला. तो सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नकाशाकडे पाहिलं. "कुमुद, तिकडं कुणाला काही विचारायचं नाही. कुणाकडं काही मागायचं नाही. मागितलं की माणूस उघडा पडतो. गप्प राहून बघायचं, बघून शिकायचं."

तो नियम मी मंत्रासारखा पाठ केला.

एडिंबरोच्या स्टेशनातून मी एका संध्याकाळी बाहेर पडले. हवेत कोळशाचा आणि करपलेल्या धान्याचा वास होता. मी समोर पाहिलं, डावीकडे पाहिलं. आणि मग कशानंतरी माझी मान वर गेली. किल्ला आभाळात होता. काळ्याकभिन्न कड्याच्या माथ्यावर, शहराच्या छपरांच्या कितीतरी वर, दगडातून दगड उगवावा तसा. शहरात एकही वाट सपाट नव्हती. दोन वर्षं तर सोडाच, दोन मिनिटं जो माणूस तिथं उभा राहिला असेल त्याला तो किल्ला भुईकोट वाटणं शक्य नव्हतं.

मी पेटीवर बसले. वीस वर्षं झाली, सर विसरले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. ज्या माणसाच्या शब्दावर आपण समुद्र ओलांडला त्याच्यावर पहिल्याच संध्याकाळी अविश्वास दाखवायची माझी हिंमत झाली नाही. उलट किल्ल्याबाबत चुकले असतील तर बाकीचं खरंच असणार, असं ठरवून मी त्यांचा नियम आणखी घट्ट धरला.

खोलीत ऊब आपोआप आली नाही. भिंतीत गॅसची एक शेगडी होती आणि तिच्याशेजारी एक लोखंडी पेटी. त्या पेटीच्या फटीत नाणं टाकलं की शेगडी पेटते, हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीतून फुस्स असा आवाज येई, मग भिंतीपलीकडे कुणीतरी सुखानं खुर्ची ओढे. मी ऐकत बसे. बघून शिकायचं, तर भिंतीपलीकडचं दिसणार कसं? आईनं दिलेली वाकळ पांघरून, त्यावर दोन लुगडी गुंडाळून मी वाचत असे. शाई घट्ट होई. पावात काय भरलेलं असतं हे विचारायचं नव्हतं म्हणून बटाटे आणि दूध यांवर राहिले. खोकला सुरू झाला, मग ताप. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात घरमालकीणबाईंनी मला जिन्यात पडलेली पाहिलं.

इस्पितळात त्या रोज येत. लठ्ठ, लालबुंद, पिठाचा वास येणाऱ्या बाई. त्या पेटीची गोष्ट त्यांना कळली तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि त्या रडल्याच. "अगं, विचारलं का नाहीस? एकदा दार वाजवायचंस!"

परीक्षा बुडाली होती. शिष्यवृत्तीचं दुसरं वर्ष त्या निकालावर अवलंबून होतं, तेही गेलं. बरी झाल्यावर मी शेतकी विभागाच्या कार्यालयात गेले. त्या देशात मी पहिल्यांदा कुणाला काही विचारलं ते तिथं. कारकुनानं जुनी पटपुस्तकं काढली आणि बोट फिरवत पाच वर्षांची नावं वाचली. महालिंग शेटे हे नाव कुठंच नव्हतं. त्यानं आपणहून आणखी एक पुस्तक उघडलं. मी त्याला थांबवलं.

परत आले तेव्हा परंड्याच्या बसस्टँडवर हलगी वाजत होती. सोसायटीनं सत्कार ठेवला होता, अध्यक्षस्थानी सर होते. त्यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. चेअरमननी विचारलं, "काय ताई, एवढ्यात कसं काय शिकून झालं?" सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. हाराचं ओलं वजन मानेवर होतं. मी म्हणाले, "एकाच वर्षाचा अभ्यासक्रम होता." सरांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

पुढं मी उस्मानाबादच्या महाविद्यालयात शिकवू लागले. सरांना भेटायचं टाळत राहिले. रस्त्यात दिसले तर नमस्कार करी आणि पुढं होई. आत मात्र एक गोष्ट गोठून राहिली होती, शेगडी न पेटलेल्या त्या खोलीसारखी. हे असं चार वर्षं चाललं. मग प्रज्ञा आली.

प्रज्ञा सरवदे परंड्याच्या बौद्धवस्तीतली. रसायनशास्त्रात विद्यापीठात पहिली आलेली. तिला शासनाची परदेशी शिष्यवृत्ती मिळाली होती आणि ती इंग्लंडला निघाली होती. सुट्टीत मी घरी आले असताना ती वही घेऊन आली. वहीत प्रश्न होते. दात दुखले तर कुठं जायचं, पाणी कुठलं प्यायचं, खोलीत थंडी वाजली तर काय करायचं. दर प्रश्नापुढे उत्तर लिहिलेलं होतं आणि ते अक्षर मी ओळखत होते. शेवटच्या पानावर सरांनी अधोरेखित केलं होतं: कुणाला विचारू नये, कुणाकडे मागू नये.

मी तशीच उठून सरांकडं गेले. ते अंगणात वर्तमानपत्राच्या घड्या घालत होते. मी दार वाजवलं नाही.

"सर, एडिंबरोचा किल्ला कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? शहरात."

"वर आहे, सर. कड्यावर. मान मोडेपर्यंत वर."

त्यांच्या हातातली घडी तशीच राहिली. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "केव्हा कळलं तुला?"

"पहिल्याच संध्याकाळी."

मग त्यांनी सांगितलं. आवाज वर्गातलाच, शब्द मात्र एकेक सुटा. मुंबईला बोटीच्या डॉक्टरनं पापणी उलटून पाहिली. खुपऱ्या निघाल्या, डोळ्यांचा लागट रोग. कागदावर नकाराचा शिक्का बसला. "बोट गेली. मी धक्क्यावर."

"मग परत का नाही आलात?"

"कसा येणार? हलगी लावून पोचवलं होतं मला. फेटा बांधला, फोटो काढला, वडलांनी अख्ख्या पेठेला पेढे वाटले. आठ दिवसांत त्याच रस्त्यानं पेटी घेऊन परत येऊ? गाव काही म्हणालं नसतं. तेच सोसलं नसतं."

"दोन वर्षं कुठं होतात?"

"मुंबईतच. होतो एकाकडं."

"मी मेले असते त्या खोलीत."

"तुला कुणी सांगितलं होतं सगळंच ऐकायला?" ते एकदम म्हणाले. मग खाली बघून, हळू आवाजात, "तूही म्हणालीसच की, कोर्स एकाच वर्षाचा होता."

मी एवढंच म्हणाले, "त्या पोरीला खरं सांगा. ती जायच्या आत."

"सांगतो."

"शब्द द्या, सर."

"दिला," ते म्हणाले.

निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी प्रज्ञा मला भेटली. सरांनी काही सांगितलं का, असं मी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. मग मीच सांगू लागले. पहिल्या दोन वाक्यांतच तिनं वही मिटली.

"ताई, ते मला ठावं हाय. ल्हानपणापासनं."

"कसं?"

"सर मुंबईत आमच्याकडंच व्हते की, माझ्या जन्माच्या आदी. माझे वडील तवा गोदीत हमाली करायचे. धक्क्यावर पेटीवर बसून रडत व्हते सर, गावचा माणूस म्हून वडलांनी घरी नेलं. दोन वर्सं आमच्या खोलीत राह्यले, जेवले. डोळं चिकटायचं त्येंचं सकाळी, आई मिठाच्या पाण्यानं धुवायची. ती पत्रं हायत न्हवं वाचनालयात? वडलांनीच खलाशाकडं दिली व्हती, तिकडनं टाक म्हून."

त्याच पत्रांवर मी शाळेत असताना कविता केली होती.

"आणि गावात आल्यावर?"

"गावात आल्यावर काय! त्येंचा रस्ता पेठेतला, आमचा वस्तीतला. एकदा पण आले न्हाईत. आमच्याकडं जेवले हे कसं सांगत्याल?"

"गावाला तुम्ही का नाही सांगितलं?"

"वस्तीत समद्यांना ठावं हाय. गावानं कधी इचारलं आमाला? आन वडील म्हणत्यात, त्यानं सांगावं. आपण न्हाय."

"मग तू का जायचीस त्यांच्याकडं शिकायला? सगळं खोटं आहे हे माहीत असून?"

ती नखानं वहीचा कोपरा उलगडत राहिली. "रोज वाटायचं, आज इचारतील. तुझे वडील कसे हायत, येवढंच. तीन महिनं गेले मी."

समारंभ सोसायटीच्या आवारात होता. दुधाच्या रिकाम्या कॅनना उन्हात आंबूस वास सुटला होता. हलगी होती, फेटा होता, स्टेजवर लाल सतरंजी होती, अध्यक्षस्थानी याही वेळी सरच होते. पाहुणी म्हणून मलाही वर बसवलं होतं. प्रज्ञाचे आईवडील पहिल्या रांगेत बसले होते. किसनराव रुंद खांद्यांचे, पांढऱ्या शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेले. शेजारी तिची आई, निळं लुगडं, मांडीवर दोन्ही हात. ती सरांकडं बघत होती, नजर न हलवता, एखाद्या आजाऱ्याकडं बघावं तशी.

माझं भाषण दोन वाक्यांचं झालं. "प्रज्ञा, तिथं गेलीस की दार वाजव. जे हवं ते विचार, जे लागेल ते माग." टाळ्या पडल्या. सरांनीही वाजवल्या.

मग पालकांच्या सत्काराची वेळ आली. किसनराव पायऱ्या चढून वर आले. सर शाल घेऊन उठले. दोघांमध्ये हातभर अंतर उरलं. प्रज्ञानं खुर्चीची कड धरली होती. सरांचे ओठ हलले. ध्वनिक्षेपक त्यांच्या तोंडाशीच होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"आपलं नाव?"

हलगीवाल्याचा हातसुद्धा थांबला. किसनरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. नीट वाचता यावं म्हणून माणूस कागद जरा दूर धरतो, तसं.

"किसन तुळशीराम सरवदे," ते म्हणाले. "राहणार परंडा."

सरांनी ते नाव ध्वनिक्षेपकावर स्वच्छ उच्चारलं, एकही अक्षर न चुकता, आणि शाल त्यांच्या खांद्यांवर घातली.

कुर्डुवाडीची बस लागली तसे सगळे प्रज्ञाला पोचवायला फाटकाकडं धावले. मी स्टेजवरून उतरत होते. किसनराव मागं राहिले होते. त्यांनी शाल काढली, चार घड्या घातल्या, अध्यक्षांच्या खुर्चीवर ठेवली आणि पत्नीच्या मागोमाग निघून गेले.

बस गेल्यावर सर परत आले. खुर्चीशी थांबले. शाल उचलून त्यांनी ती उलटसुलट केली.

"कुणाची राहिली ही?" त्यांनी विचारलं.

आवारात पन्नास-साठ माणसं होती. सतरंजी गुंडाळणारे दोघे वस्तीतले होते, ते क्षणभर वाकलेलेच राहिले. मी त्यांच्यावरची नजर काढली नाही. सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी चेअरमनना हाक मारली, ती शाल त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ठेवा कपाटात. पुढच्या सत्काराला होईल."